ट्रॅक्टरची खांदेमळणी

आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होईना, त्या दिवसांत माय माझ्याशी नुकती कुठं बोलायला लागली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण होता.

अबोला बैलजोडीवरून होता. आमचं गाव झरीच्या पलीकडं, सगळी काळी चिकण जमीन. रझाकारीच्या धामधुमीत घरदार टाकून आम्ही वऱ्हाडात वाशीमकडं निघून गेलो होतो, आणि तिथं पोटासाठी मी एका मोटार गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. पोलीस ॲक्शननंतर गावी परत आलो तो डोक्यात इंजिन घेऊनच. काही वर्षांनी जिंतूरकडच्या एका जहागीरदाराचा ट्रॅक्टर विकायला निघाला. जहागिरी गेली, माणसं हैदराबादला गेली, आणि हा विलायती राखाडी गडी कोंबड्यांची घाण अंगावर घेऊन गोठ्यात पडून होता. मी आबांच्या, म्हणजे वडलांच्या, मागं लागलो. आबा तापट, हट्टी, पण नव्याची हौस त्यांना माझ्यापेक्षा जास्त. सौदा ठरला, आणि त्यापायी आमची लालकंधारी जोडी विकली.

जोडी मायनं वाढवलेली. गोऱ्हे होते तेव्हापासून रोजच्या भाकरीतली पहिली भाकर त्यांची. देवगाव फाट्याकडचा एक शेतकरी ज्या सकाळी त्यांना घेऊन गेला, त्या सकाळी माय बाहेर आलीच नाही. आत दळत बसली. मी आत डोकावलो तेव्हा दाणे कधीच संपले होते आणि ती तसंच रिकामं जातं फिरवत होती.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची थांबली. नवऱ्याशी अबोला धरायची तिला सोय नव्हती, म्हणून तो सगळा माझ्या वाट्याला आला. मी समोर बसलेलो असायचो आणि ती माझ्या बायकोला म्हणायची, "त्याला म्हणावं, भाकर गार व्हायलीय." मीही तसलाच. मी बायकोला म्हणायचो, "तिला म्हणावं, आलोच." शेवटी बायको वैतागली. "माझं काय तारघर केलंय का तुमी मायलेकांनी?" म्हणाली. आम्ही दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मिशा फुटलेला, लग्न झालेला माणूस मी, पण माय बोलत नव्हती तर घास गोड लागत नव्हता. खोटं कशाला सांगू.

असाच उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात, ते हळद-तुपानं मळायचे आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. त्या साली सगळ्या गावात ही गडबड, आणि आमचा गोठा रिकामा. मला घरात बसवेना. काहीतरी करायचं म्हणून मी ट्रॅक्टर धुवायला काढला. डायनामोत मातीचा थर बसला होता, तो खोलला. तो ज्या लोखंडी कोनावर बसतो तो कोन, वरची पट्टी, नट-बोल्ट, सगळं लिंबाखाली पोत्यावर मांडलं.

तेवढ्यात माय वाटी घेऊन आली. वाटीत हळद आणि तूप.  ट्रॅक्टरकडं बघत, पण मलाच, म्हणाली, "याचा खांदा कुठं असतो रे?"

किती महिन्यांनी ती माझ्याशी बोलली, आणि बोलली ती हे. मी गांगरलो. काय सांगावं ते कळेना, म्हणून हाताला आला त्या डायनामोवर हात ठेवला आणि म्हणालो, "हा बघ, हाच." मग उगीच सांगत सुटलो. इंजिन फिरलं की पट्ट्यानं हा फिरतो, हा फिरला की बॅटरीचं पोट भरतं, बॅटरी भरलेली असली तरच ठिणगी पडते, ठिणगी पडली तरच इंजिन चालतं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी सगळा भार ह्याच्यावरच हाय," ती म्हणाली, आणि बसून डायनामोला हळद-तूप मळायला लागली. अगदी बैलाच्या खांद्याला मळावं तसं, अंगठ्यानं दाबून दाबून.

मी ओढ्यावर पाणी आणायला गेलो आणि आनंदाच्या भरात तिथंच चौघांत गप्पा मारत बसलो. शिंगं रंगवायचा लाल रंग आबांनी दरवर्षीच्या सवयीनं परभणीहून आणलेलाच होता. घरात जोडी नाही हे त्या डब्याला कुठं माहीत. मी परत आलो तर पोत्यावरची प्रत्येक वस्तू लाल. डायनामो हळद-तूप पुसून लाल, कोन आतून बाहेरून लाल, पट्टी लाल, भोकांच्या आतसुद्धा काडीला चिंधी गुंडाळून रंग घातलेला. बोल्टची डोकीही सोडली नव्हती. आणि माय बॉनेटवर दुसरा हात देत होती. तो रंग लालकंधारीचा होता. 

"आता कसा घरचा दिसायलाय," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळं घाईघाईनं परत जोडलं. रेडिएटरला बाशिंग बांधलं. वेशीतल्या तोरणाखालून बैलांच्या रांगेत आमचा ट्रॅक्टर फटफट करत गेला, तेव्हा गाव हसून हसून लोळायचं बाकी होतं. आबा पुढं मिशीला पीळ देत चालले होते. घरी आल्यावर मायनं त्याला ओवाळलं, पुरणपोळी बॉनेटवर ठेवली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "तूबी जेव आता." बायको दारात उभी होती. तिनं सुटकेचा श्वास टाकला.

त्यानंतर काही दिवसांनी सेल्फ उचलेना. स्टार्टर मारला की नुसता कण्हायचा. आमीटरचा काटा, जो इंजिन सुरू झालं की चार्जिंगच्या बाजूला झुकतो, तो मेल्यासारखा मधोमध पडून. कधी खड्ड्यात चाक आपटलं तर क्षणभर हालायचा, परत गप. हँडल मारमारून माझा हात सुजला. बॅटरी पार उतरली की चालतं इंजिनही बंद पडायचं. बॅटरी चार्ज करायला परभणीला न्यावी लागायची, आणि ती जड पेटी एसटीत कोणी घेईना, ॲसिड सांडतं म्हणून. मग काय, शेजाऱ्याची बैलगाडी. आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी बैलगाडीत बसून परभणीला जायला लागली. आबा ओट्यावरून ते बघायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आमचा ट्रॅक्टर लय भारी हाय. फकस्त चालवायला बैल लागायलेत."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. जोडी विकल्यावर आमची पेरणी सावडीवर होती. म्हणजे मी ट्रॅक्टरनं शेजाऱ्यांच्या रानाला पाळी घालून द्यायची आणि त्यांनी त्यांच्या बैलांनी आमची तिफण चालवून द्यायची. रब्बीची ज्वारी तोंडावर आली होती. जमिनीत ओल होती, ती कुणासाठी थांबत नाही. एका सकाळी आबांनी मला समोर बसवलं. "ज्वारी पेरायच्या आत हा आपल्या पायावर हुबा ऱ्हायला तर ठीक. न्हाईतर हा इकतो आन जोडी घेतो. मग तुझं हितं काय काम? तू जा वाशीमला तुझ्या गॅरेजात." आबा बोलले म्हणजे करणार. माय चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. वाशीमला गेलो तर नुकती परत मिळालेली माय पुन्हा जाणार, एवढं एकच माझ्या डोक्यात आलं. 

मग मी हात धुऊन त्याच्या मागं लागलो. बॅटरीच्या तारांना आलेला पांढरा-हिरवा फुलोरा गरम पाण्यानं धुतला. पट्टा ताणला. डायनामो खोलून आतलं आर्मेचर, म्हणजे फिरणारा गाभा, पॉलिश पेपरनं घासून तांब्यासारखं लखलखीत केलं. त्याला घासणारे कार्बनचे तुकडे बदलले. काटा ढिम्म.

या सगळ्या दिवसांत माय माझ्याजवळ येऊन बसायची, त्याची मला आज सगळ्यात जास्त आठवण येते. दुपारची भांडी झाली की चहाचा पेला घेऊन यायची, लिंबाखाली टेकायची, आणि मी पान्यानं झगडत असताना आपली बोलत राहायची. किती साचलं होतं तिच्या पोटात. जोडीतला डावीकडचा कसा लहानपणी विहिरीत पडता पडता वाचला. देवगाव फाट्याकडून कुणी आलं की ती कशी वळसा घालून विचारते, बैल बरे हायत का म्हणून. मध्येच काटा बघून म्हणायची, "अजून जेवना का ह्यो? आजारी तर न्हाई?" मी म्हणायचो, "माय, बैल न्हाई ह्यो." ती म्हणायची, "तूबी बैल नव्हतास, तरी तापात जेवत नव्हतास."  ट्रॅक्टर बिघडलेला, आबा टपलेले, तरी मला ते दिवस सरू नयेत असं वाटायचं.

एका सकाळी मी डायनामो काढून मांडीवर घेतला, बॅटरीच्या दोन तारा लावल्या, एक त्याच्या खिळीला, म्हणजे तार जोडायच्या टोकाला, एक त्याच्या अंगाला. गडी मोटारसारखा गरगर फिरला. म्हणजे धडधाकट. ट्रॅक्टरवर बसवला, पट्टा न चढवता तीच परीक्षा घेतली, एक तार खिळीला आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला, तर हूं की चूं नाही. परत मांडीवर घेतला, फिरला. परत बसवला, मेला. मी हात टेकले. मग वाशीमच्या मिस्त्रीचं एक बोलणं आठवलं. तो म्हणायचा, करंट नुसता बाहेर जाऊन भागत नाही, त्याला घरी परत यायलाही वाट लागते. डायनामोची परतीची वाट म्हणजे त्याचं अंग, अंगातून कोन, कोनातून इंजिनाचं लोखंड. लोखंडाला लोखंड भिडलं तरच.

मी पट्टा चढवला, हँडल मारून इंजिन सुरू केलं आणि तारेचा एक तुकडा घेऊन त्याचं एक टोक डायनामोच्या अंगावर रेघ ओढून टेकवलं, दुसरं बॅटरीच्या अर्थिंगला. काटा टुणकन चार्जिंगकडं गेला. तार काढली, पडला. लावली, गेला. रेघ ओढली होती तिथून रंगाची लाल साल निघाली होती, आणि मी तिच्याकडं बघत बसलो. कोनाला आतून रंग, पट्टीला रंग, भोकात रंग, बोल्टला रंग. मायनं दोन हात देऊन, काही म्हणून न सोडता, परतीची वाट बुजवली होती.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आबांना हे कळलं तर ते गावभर सांगणार, हिच्या रंगानं ट्रॅक्टर बसला म्हणून. त्यांच्या मनात वाईट नसायचं, पण जिभेला हाड नव्हतं. आणि माय पुन्हा जात्याशी जाऊन बसेल, पुन्हा बायकोमार्फत भाकर येईल. ती त्या रंगानं माझ्याकडं परत आली होती. तो रंग खरवडायचा मला धीर होईना.

माय कापूस वेचायला गेली तेव्हा खरवडला. चाकूनं आणि पॉलिश पेपरनं, कोनाच्या आतल्या तोंडाला, पट्टीच्या टोकांना, भोकांत, बोल्टला. जेवढा लोखंडाला लोखंड भिडतं तेवढाच, बाहेरून दिसणारा एक ठिपका नाही. परत जोडलं. इंजिन सुरू केलं. काटा झुकला तो झुकलाच. आवाज ऐकून आबा आले. "काय झालतं?" त्यांनी विचारलं. नेमकी त्याच वेळी माय डोक्यावर कापसाचं बोचकं घेऊन फाटकातून आत आली. मी म्हणालो, "कार्बन खराब निघाले होते. दुसरे टाकले."

"येवढ्यासाठी येवढं रामायण," आबा म्हणाले आणि गेले. मायनं बोचकं खाली ठेवलं. मी तिला काटा दाखवला. म्हणालो, "हा इकडं झुकला म्हंजी जेवायलाय." तिनं काचेवर बोट टेकवलं आणि मग दोन्ही हात कानशिलाला नेऊन बोटं मोडली.

सावड फिटली. ज्वारी वेळेत पेरली. दिवाळीच्या आसपास आमचा मुलूख हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा आबा पारावर म्हणाले म्हणे, "निजाम गेला, हैदराबाद गेलं, आमचा लाल्या मातुर ऱ्हायला." लाल्या हे नाव तिथून पडलं. वाशीमचा विषय परत कुणी काढला नाही.

बघता बघता पुढचा पोळा आला. मी ठरवलं होतं, यंदा डायनामो खोलायचाच नाही. पण आदल्या दिवशी माय वाटी घेऊन हजर. "काढ की. खांदा मळायचा न्हाई का?" नाही कसं म्हणणार. काढला, पोत्यावर मांडला, आणि जड मनानं ओढ्यावर निघून गेलो. परत खरवडायचं, परत तिला चोरून, परत आबांना काहीतरी सांगायचं. दरवर्षी हेच का, असं मनात म्हणत होतो.

परत आलो तेव्हा सगळं ताजं लाल झालेलं होतं. आणि कोनाच्या आतल्या तोंडावर, पट्टीच्या टोकांवर, भोकांच्या कडांवर कसले तरी मळकट ठिपके. जवळ जाऊन पाहिलं तर मेण. बायका कुंकू टिकावं म्हणून आधी कपाळाला बोटानं लावतात, ते मेण. मायची पितळी डबी पोत्यावर उघडी होती. रंग जरा सुकल्यावर तिनं माझ्यादेखत नखानं एकेक ठिपका उचकटला. खालून कोरं लोखंड निघालं. जिथं मी खरवडलं होतं, बरोबर तिथं. एक जागा चुकली नव्हती.

 मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"आंगण कोन झाडतं रे?" माय म्हणाली. "लिंबाखाली लाल चुरा पडलेला. आन त्याच दिवशी तुझा काटा हालला. आज खोललंस तर खरवडलेलं समदं दिसलंच. मला काय येवढंबी कळत न्हाई?"

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"तू बोललास का?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं नाही, तसले लाड आमच्यात नव्हते. शेजारी पोत्यावर बसलो आणि उरलेले ठिपके मी काढले. दोघं एकदमच हसायला लागलो. बायको बाहेर येऊन बघून गेली.

त्यानंतर दर पोळ्याला तसंच झालं. मेण, रंग, नख. आबांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. आज लाल्या नाही, तो लिंबही नाही. मला यंत्रं खूप भेटली, दुरुस्तही खूप केली. पण एखादं चार्जिंग सापडेना झालं की अजून वाटतं, माय चहाचा पेला घेऊन यावी, शेजारी टेकावी आणि तिनं विचारावं, आजारी तर न्हाई ह्यो? त्या एका प्रश्नासाठी मी सगळं आयुष्य परत हँडल मारत बसलो असतो.

आबा एका हिवाळ्यात गेले. पुढच्याच उन्हाळ्यात महाराष्ट्र झाला, पण आमच्या घरात त्या साली कशाचीच हौस नव्हती. मायनं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. तिच्या वस्तू तिनं सुनेला देऊन टाकल्या, आरसा, फणी, करंडा. पोळा आला तसं बायकोनं मला सांगितलं, ओवाळायला आता माय येणार न्हाईत, मलाच करावं लागेल. मला ते कळत होतं. आदल्या दिवशी मी मुकाट्यानं डायनामो खोलला, पोत्यावर मांडला, आणि रंगाचा डबा स्वतःच उघडायला घेतला.

माय घरातून आली. कपाळ कोरं. हातात मेणाची पितळी डबी होती. करंडा दिला होता तिनं, पण ही डबी ठेवून घेतली होती. मी डबीकडं बघितलं, मग तिच्या कपाळाकडं, आणि मला तिच्याकडं बघवेना.

"माझ्या कपाळाला आता कशाला लागतंय," ती म्हणाली. "ह्याच्या खांद्याला लागंल."

ती पोत्यावर बसली, कोन मांडीवर घेतला आणि मेण लावायला लागली. मी रंग ढवळत राहिलो.